चार बोटं

रोज संध्याकाळी व्हॅन उलटी घेतो,
मागची दारं एमलिनच्या कुंपणभिंतीला टेकत येईपर्यंत.
टेकवायची नाहीत. चार बोटं राहू द्यायची.
चार बोटांत दार उघडत नाही
आणि एमलिनची भिंतही पडत नाही.
एकदा पडली होती. मीच रचली परत,
तो खिडकीतून सांगत होता, डावीकडे, अजून डावीकडे.

मग स्टिअरिंगला पिवळा दांडा,
पुढची चाकं फुटपाथकडे वळवलेली,
कारण ट्रेडेगरमधली प्रत्येक गल्ली उतारावरच जन्मते.
किल्ली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
हल्ली चोर किल्ली नेत नाहीत म्हणे,
दाराबाहेर उभं राहून तिची कुजबुज नेतात.

मग खेपा. करवत, रंधे, ड्रिल, बॅटऱ्या, शिकंजे.
चौदा खेपा, प्रत्येकीला पाच पायऱ्या.
मोठी करवत सोफ्यावर बसते, नेरिसच्या आईच्या जागी.
म्हातारी रविवारी आली की तिला म्हणते,
सरक गं बाई.

मागच्या काचेवर स्टिकर आहे:
रात्री या गाडीत हत्यारं नसतात.
ते वाचून माघारी जाईल
असा चोर अख्ख्या वेल्समध्ये अजून जन्मायचाय.

फेब्रुवारीत नव्हतं स्टिकर.
बाजूचं दार वरून धरून, गुडघा टेकून
खाली वाकवलं होतं, केळं सोलावं तसं.
पोलीसबाईंनी फोनवर एक नंबर दिला.
तो अजून फ्रिजवर आहे, लोहचुंबकाखाली.
विमावाले म्हणाले, यादी द्या.
दिली. सत्तावीस वस्तू भराभर लिहिल्या.
अठ्ठावीस: पटाशी, एक.
वय: माझ्याहून जास्त.
लांबी: बापानं आणि मी घासून घासून
आता अंगठ्याएवढी.
किंमत:
इथे पेन थांबलं. रकाना तसाच गेला.

मे महिन्यात, फुटबॉलच्या मैदानावर,
रविवारच्या जुन्या बाजारात,
एक बाई पाव भाजायचं यंत्र विकत होती,
एक तुकडा कमी असलेलं कोडं,
आणि ती.
मुठीवर तापल्या खिळ्यानं कोरलेलं डब्ल्यू. पी.
हे कोण, मी विचारलं.
तिनं चष्मा वर केला. कोण जाणे, आमच्यात कोणी नाही.
कितीला?
चार.
तीन, मी म्हणालो. सवयीनं. खरंच नुसत्या सवयीनं.
साडेतीन पौंडांत
बापाला सोडवून आणलं.
वर तिनं पिशवीही दिली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
इथे तर नगरपालिकाच त्याच्या सोयीनं
बारानंतर रस्त्यावरचे दिवे मालवते. काटकसर.
पावणेतीनला कुत्रं भुंकलं की मी खिडकीशी.
समोर प्लास्टरवाला ग्विलिम त्याच्या खिडकीशी, बनियनवर.
हात वर करतो. मीही करतो.
दिवसा भेटलो तर आम्ही हवामानावर बोलतो.

नेरिस म्हणते, रिकामीच असते ना,
मग उघडी ठेव. बघतील, जातील.
पत्रा कापला की नऊशेचा खड्डा.
तिचा हिशेब चुकत नाही.
शाळेत तीच पुढच्या बाकावर होती.

म्हणून काल उघडी ठेवली.
दांडा काढला, दारं नुसती लोटली,
अंथरुणात जाऊन पडलो.
एकला उठलो. कुलूप लावायला नाही,
तसं वचन दिलं होतं.
थर्मास घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलो,
रिकाम्या, उघड्या गाडीत, कोट पांघरून.
ग्विलिमच्या खिडकीत एक हात वर झाला,
मग बराच वेळ खाली आला नाही.

सहाला कचऱ्याची गाडी आली.
पोऱ्यानं काचेवर टकटक केलं.
आज लवकर निघालास?

हो, म्हणालो.
आणि थर्मासचं झाकण लावत राहिलो,
आटे काही केल्या बसेनात.